किटच्या गाडीची बॉडी वाकडी निघाली तर सरळ कशी करायची

सुटे प्लास्टिकचे भाग जोडून छोटी मॉडेल गाडी बनवायचा नवीन किट आणला, त्याचा डबा उघडला, पिशवीतून बॉडी काढून टेबलावर ठेवली आणि बघतो तर तीन कोपरे टेकलेत आणि चौथा हवेत, असं झालं की जीव खट्टू होतो आणि ते साहजिकच आहे, कारण एक तर हे किट बहुतेक बाहेरून मागवायचे, त्यात वेळ जातो, पैसे जातात, आणि तोच किट दुसऱ्यांदा मिळेलच असं नसतं. म्हणून आधीच सांगते, बॉडी वाकडी आहे एवढ्यावरून किट माळ्यावर टाकून देऊ नका. कुठे तुटलेली नसेल, वितळलेली नसेल तर ती बहुतेक वेळा व्यवस्थित सरळ होते. घरातला एक मोठा टोप, गरम पाणी, एक सपाट काच, थोडं इलॅस्टिक आणि अर्धा दिवस, एवढ्यात काम होतं. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, उष्णता कमी आणि धरून ठेवायचा वेळ जास्त. मुळात वाकडी असलेली बॉडी वाचते, उकळत्या पाण्यात बुडवून नाहीतर हीट गन मारून बिघडवलेली बॉडी वाचत नाही.

हे सगळं १:२४ आणि १:२५ च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या किंवा पंचविसाव्या हिश्श्याच्या, स्टायरीन प्लास्टिकच्या किटसाठी लिहितेय, म्हणजे तामिया, फुजिमी, आओशिमा, हासेगावा यांच्या १:२४ च्या गाड्या आणि एएमटी, रेव्हेल वगैरेंच्या १:२५ च्या अमेरिकन गाड्या. रेझिनच्या बॉडीबद्दल पुढे थोडं वेगळं सांगितलंय. आरसीच्या, म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांच्या, पारदर्शक लेक्सानच्या बॉडीला यातलं काही लावू नका, ते प्लास्टिकच वेगळं.

आधी हे होतं कशामुळे ते बघू, कारण ते कळलं की पुढचं आपोआप कळतं. किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, त्यात थोडा रबराचा अंश घालून चिवट केलेलं. पूर्वी गणपतीच्या मखराला वापरायचो तो थर्माकोल, २०१८ मध्ये आपल्याकडे बंदी आली तो, तोही पॉलिस्टायरीनच, फक्त फुगवलेला. सुटे भाग ज्या दांड्यांच्या चौकटीला लागून येतात त्या फ्रेमवर कुठेतरी बारीक अक्षरात पीएस असं कोरलेलं दिसलं तर खात्रीच झाली. हे प्लास्टिक वितळवून स्टीलच्या साच्यात दाबाने भरतात, गार करतात आणि बाहेर ढकलतात. आता गाडीची बॉडी बघा, दाराची बाजू जाड, छप्पर पातळ, विंडशील्डचे खांब तर काडीएवढे. जाड भाग उशिरा गार होतो, पातळ भाग आधी, म्हणून आतल्या आत ओढाताण राहून जाते. साच्यातून जरा लवकर काढली की ती ओढाताण बाहेर पडते आणि बॉडीला पीळ बसतो. नंतर डब्यात वरून फ्रेमा दाबून बसवलेल्या, कंटेनरचा प्रवास, गोडाऊन, आणि आपल्याकडे आल्यावर पत्र्याखालचा पोटमाळा. पॉलिस्टायरीन पूर्ण मऊ होतं ९५ ते १०० डिग्रीच्या आसपास, पण त्याच्या बऱ्याच खालच्या तापमानालासुद्धा सतत वजन पडत राहिलं तर ते हळूहळू सरकतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली ठेवलेल्या डब्यात हेच होतं. महिनाभर कमी उष्णता आणि सतत दाब मिळून जे वाकडं होतं ते आपण कमी उष्णता आणि उलटा दाब देऊन सरळ करायचं, सगळी युक्ती एवढीच आहे.

ज्या बॉडीला छप्पर नाही, म्हणजे कन्व्हर्टिबल, ती सगळ्यात जास्त वाकते कारण मधे धरून ठेवणारं काहीच नाही. त्याखालोखाल लांबलचक अमेरिकन गाड्या. इम्पाला १:२५ मध्ये सुद्धा २१ सेंटीमीटरच्या आसपास भरते, आणि मागचा बूट, म्हणजे डिक्की, एवढा लांब सपाट असतो की तो खाली नाहीतर वर बाक धरतो. बीटलसारखी सगळीकडून गोल बॉडी सहसा वाकत नाही, वाकलीच तर खालच्या कडा आत येतात.

वाकडं नक्की कुठे आहे ते आधी शोधा

यात घाई करायची नाही, सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. टेबलावर भरवसा ठेवू नका, आपल्या घरातलं सनमायकाचं टेबल सपाट दिसतं पण असेलच असं नाही. फोटो फ्रेम करणाऱ्याकडून पाच मिलिमीटर जाडीच्या काचेचा फूटभर बाय फूटभर तुकडा कापून आणा, कडा घासून द्यायला सांगा म्हणजे बोट कापणार नाही. हा तुकडा पुढे प्रत्येक मॉडेलला उपयोगी पडतो.

बॉडी काचेवर ठेवा आणि छपरावर मधोमध एक बोट अगदी हलकं टेकवा. डुगडुगली तर पीळ आहे. कुठला कोपरा उचललाय ते बघा आणि किती उचललाय ते मोजा, त्यासाठी एटीएम कार्ड आणि साधा झेरॉक्सचा कागद पुरतो. कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर, नेमकी ०.७६, आणि एक कागद साधारण ०.१ मिलिमीटर. कोपऱ्याखाली कार्ड सहज सरकलं आणि वर दोन कागद गेले म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटरचा फरक. कागदावर लिहून ठेवा, उजवा मागचा कोपरा, कार्ड अधिक दोन कागद. प्रत्येक वेळी बुडवून काढल्यावर हेच माप परत घ्यायचं, म्हणजे सुधारतंय की बिघडतंय हे डोळ्यावर सोडावं लागत नाही. एक मात्र आहे, बऱ्याच गाड्यांची खालची कडा मुळातच एका रेषेत नसते, पुढचा किंवा मागचा भाग वर उचललेला असतो, म्हणून डावी बाजू उजवीशी ताडून बघा, पुढची मागचीशी नाही.

मग चेसिस आणि आतला टब, म्हणजे सीट बसतात तो आतला भाग, घ्या, काही न चिकटवता बॉडीत बसवून बघा. आणि हो, चेसिससुद्धा एकटी काचेवर ठेवून तपासा, हे बरेच जण करत नाहीत. कित्येकदा बॉडी बिचारी सरळ असते आणि पीळ चेसिसमध्ये असतो, जोडल्यावर चेसिस बॉडीला ओढते आणि आपण बॉडीला दोष देत बसतो. चाकं लावून बघितलं तर चारही चाकं काचेला टेकायला हवीत.

वाकण्याचे प्रकार साधारण ठरलेले आहेत. पूर्ण बॉडीला पीळ. दाराखालच्या कडा आत दबलेल्या किंवा बाहेर फाकलेल्या. बाजूने बघितलं तर लांबीत बाक आलेला. छप्पर मधे खचलेलं. पुढचे खांब वाकडे, म्हणजे विंडशील्डची चौकट तिरकी. आणि सुटं बॉनेट चारही कोपऱ्यांनी न बसणारं. एकाच बॉडीत दोन-तीन एकत्र असू शकतात, तेव्हा आधी पीळ काढायचा, मग बाजू, मग छप्पर आणि खांब, आणि बॉनेट एकदम शेवटी, कारण बॉनेट ज्या भोकात बसतं ते भोकच आधी चौकोनी व्हायला हवं.

तयारी

विंडशील्डच्या चौकटीत किंवा चाकाच्या कमानीत आडवी दांडी ठेवून काही कंपन्या बॉडी देतात, ती आधार म्हणून असते, काम पूर्ण होईपर्यंत कापू नका. बाकी बॉडी फ्रेमपासून सुटी करून घ्या. क्रोमचे पार्ट, काचेचे पारदर्शक पार्ट, डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं), यातलं काहीही गरम पाण्याजवळ न्यायचं नाही. पारदर्शक पार्ट ठिसूळ असतात, वाकवायला गेलं की सरळ तडकतात.

बॉडीवर रंग असेल तर आधी रंग उतरवून घेतलेला बरा. रंगासकट बुडवता येत नाही असं नाही पण वाकवताना रंगाला चिरा जातात आणि डेकल तर पाण्यात सुटूनच येतात. कोरी बॉडी भांडी घासायच्या लिक्विडने आणि जुन्या टूथब्रशने धुऊन घ्या, साच्याचं तेल निघून जातं आणि ओली बॉडी हातात घसरत नाही.

सामान असं, बॉडी आडवी पूर्ण बुडेल एवढा रुंद टोप, सात-आठ लिटरचा असला तर उत्तम, कारण पाणी जास्त असलं की तापमान पटकन उतरत नाही. तळाला घालायला एक धुतलेलं सुती फडकं. बॉडी बाहेर काढायला मोठा झारा. रबरी हातमोजे. शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळतं ते इंचभर रुंद इलॅस्टिक. प्लायवूडच्या कातरणीतले एक-दोन तुकडे, सुताराकडे मागितले तर असेच देतो. पुठ्ठा, मार्कर, स्टीलची पट्टी. स्वयंपाकाचा सळईवाला थर्मामीटर मिळाला तर घ्याच. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानांत छोटे क्लॅम्प, फाईल, पॉलिश पेपर सगळं मिळतं, पण क्लॅम्प या कामाला लागेलच असं नाही, उलट मऊ प्लास्टिकवर क्लॅम्प घट्ट केला की खड्डा पडतो.

पाणी किती गरम हवं

६५ डिग्रीपासून सुरुवात करा, गरज पडली तर ७०, मग ७५. ८० च्या पुढे मी जात नाही आणि तुम्हीही जाऊ नका. उकळत्या पाण्यात काय होतं, तर प्लास्टिक नुसतं मऊ होत नाही, साच्यात भरताना त्यात कोंडलेली ओढाताण एकदम सुटते, मग पातळ भाग आक्रसतो, दाराच्या रेषा वळतात, छप्पर लाटेसारखं होतं आणि लांबीतसुद्धा फरक पडू शकतो. ते परत मूळ मापाला येत नाही.

थर्मामीटर नसेल तर साधा हिशोब आहे. मुंबई समुद्रसपाटीला आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी १०० डिग्रीलाच उकळतं (महाबळेश्वरला हेच करायचं तर ९५ च्या आसपासच उकळेल, तिथे हिशोब बदलेल). नळाचं पाणी वर्षातला बराच काळ २५ ते ३० डिग्री असतं. एक तांब्या उकळतं आणि एक तांब्या नळाचं मिसळलं की ६५ च्या थोडं खाली. तीन तांबे उकळतं आणि दोन तांबे नळाचं, ७० च्या आसपास. दोनास एक केलं तर ७५. टोप थोडी उष्णता खातो हे धरून चाला. गॅसवर टोप ठेवून आत बॉडी सोडून द्यायची असं अजिबात करू नका, तळाशी पाणी जास्त तापतं आणि जो भाग तळाला टेकलाय तोच वितळायला लागतो. पाणी तयार करा, गॅस बंद करा, टोप ओट्यावर घ्या, तळाला फडकं घाला, मग बॉडी. घरात लहान मूल असेल तर हे काम ते झोपल्यावर, एवढं पाणी अंगावर पडलं तर भाजायला सेकंद लागत नाही.

पीळ काढणे

पूर्ण बॉडी ६५ डिग्रीला बुडवा आणि तीस-चाळीस सेकंद तशीच राहू द्या. झाऱ्याने बाहेर काढा, हातमोजे घालून दोन टोकांना धरा, ओला टॉवेल पिळतो तशी पकड, आणि जिकडे पीळ आहे त्याच्या उलट दिशेला सावकाश वळवा. बोटं जाड भागावर ठेवायची, म्हणजे बंपरच्या वरचा पत्रा, दाराखालची कडा. खांबांवर किंवा छपरावर बोट ठेवून पिळलं की खांब तुटलाच म्हणून समजा. सरळ झाली असं वाटलं की त्याहून किंचित पुढे न्या, कारण सोडल्यावर थोडी परत येते. तसंच धरून नळाखाली गार पाणी सोडा, निदान अर्धा मिनिट. हात सोडायची घाई नको, वरून गार लागलं तरी जाड भाग आतून गरम असतो. मग पुसून काचेवर ठेवा, कार्ड आणि कागद घाला, लिहा.

पहिल्या बुडीत अर्धा फरक गेला तरी छान चाललंय असं समजा. काहीच बदललं नसेल तर पाणी पाच डिग्रीने वाढवा, जोर वाढवू नका. वाकवताना प्लास्टिक कडक लागत असेल, विशेषतः खोलीत पंखा फुल असेल आणि बॉडी बाहेर काढल्या काढल्या गार होत असेल, तर पंखा बंद करा. वाकलेल्या जागी पांढरट डाग उमटायला लागला तर ताबडतोब थांबा. तो डाग म्हणजे प्लास्टिक आतून तडकायला लागल्याची खूण. प्राइमरखाली डाग झाकला जातो, पण ती जागा कायमची कमजोर होते.

दाराखालच्या कडा, म्हणजे बाजू आत किंवा बाहेर गेलेल्या

ही माझी सगळ्यात आवडती दुरुस्ती, कारण इथे हाताने काही करावंच लागत नाही. चेसिसची रुंदी मोजा, बॉडीच्या दोन बाजूंमध्ये आतून किती अंतर हवं ते काढा. बाजू आत दबलेल्या असतील तर प्लायवूडची पट्टी त्या अंतरापेक्षा एखादा मिलिमीटर जास्त लांब कापा, टोकं पॉलिश पेपरने गोल करा, आणि दाराच्या मध्यावर आतून आडवी अडकवा. लांब गाडी असेल तर दोन पट्ट्या, एक पुढच्या चाकामागे, एक मागच्या चाकापुढे. मग पट्टीसकट बॉडी ७० डिग्रीच्या पाण्यात बुडवा, टोपावर झाकण ठेवा, आणि बाजूला व्हा. पाणी आपलं आपण गार होऊ द्या. काही तास लागतात, जास्त लागले तर लागू दे. पूर्ण गार झाल्यावर पट्टी काढा. अशा सावकाश गार झालेल्या बॉडीत नवीन ओढाताण राहत नाही, त्यामुळे ती आठवड्याने परत वाकायला जात नाही, हाताने वाकवून नळाखाली धरलेल्या बॉडीपेक्षा हे नेहमी जास्त टिकतं.

बाजू बाहेर फाकलेल्या असतील तर उलटं. आत बरोब्बर मापाची पट्टी ठेवा, म्हणजे जास्त आत जाणार नाहीत, आणि बाहेरून इलॅस्टिक गुंडाळा. साधे रबर बँड वापरू नका, बारीक रबर गरम प्लास्टिकमध्ये रुततो आणि दारावर आडवी खाच पडते, ती मग पुट्टी भरून घासत बसावी लागते. मास्किंग टेपचा गोंद गरम पाण्यात सुटतो, त्यामुळे पाण्यात तीही कामाची नाही. रुंद इलॅस्टिक, त्याखाली पुठ्ठ्याऐवजी पातळ प्लास्टिकची पट्टी, आणि ताण अगदी बेताचा, बाजू पट्टीला नुसत्या टेकल्या पाहिजेत.

लांबीत बाक असेल तर हीच सावकाश पद्धत, फक्त बॉडी उलटी करून, म्हणजे छप्पर खाली, हाताने सरळ करावी लागते किंवा लांब प्लायवूडच्या पट्टीला दाराखालच्या दोन्ही कडा सुती नाडीने बांधाव्या लागतात. कन्व्हर्टिबलला मी दुसरीच पद्धत धरते, ती पुढे आतल्या आधारात सांगितलीय.

छप्पर आणि खांब

खचलेलं छप्पर दाबून वर आणायचं काम नाजूक आहे. आधी पुठ्ठ्याचा फर्मा बनवा. छपराचा जो भाग चांगला आहे, बहुतेक वेळा पुढची किंवा मागची कडा, त्याची आडवी गोलाई पुठ्ठ्यावर काढा, कापा, आणि तो फर्मा खचलेल्या जागी धरून बघा, उजेड कुठून दिसतो तेवढाच भाग वर यायचाय. खऱ्या गाडीचा समोरून काढलेला फोटो मोबाईलवर उघडून ठेवा, कारण काही गाड्यांचं छप्पर मधे मुळातच जवळजवळ सपाट असतं. मग हेअर ड्रायर मध्यम हीटवर, पंधरा सेंटीमीटर लांबून, हलवत हलवत, एका जागी थांबायचं नाही. छपराला बाहेरून बोट लावून बघा, सहन होईना इतकं गरम लागलं की आतून मऊ फडक्याची गुंडाळी करून अंगठ्याने वर ढकला आणि बाहेरून तळहात टेकवून ठेवा. नुसत्या बोटाच्या टोकाने ढकललं तर टेंगूळ येतं. गार होईपर्यंत धरा. हीट गन नको, तिची हवा काही शे डिग्रीची असते, स्टायरीनला ती झेपतच नाही. लायटर, मेणबत्ती, उदबत्ती, इस्त्री, याही कल्पना डोक्यातून काढून टाका.

वाकडे खांब सरळ करताना फक्त पुढचा भाग पाण्यात घाला, पंधरा-वीस सेकंद पुरतात, खांब पातळ असतात म्हणून पटकन मऊ होतात. खांबाला हात लावायचा नाही, छपराची पुढची कडा आणि डॅशबोर्डाजवळची पट्टी धरून चौकट जागेवर आणायची, खांब मागोमाग येतात. माप म्हणजे किटमधली विंडशील्डच. बॉडी पूर्ण गार आणि कोरडी झाल्यावर ती काच बसवून बघा. दोन्ही बाजूंना सारखी फट दिसली की झालं. काच अडकवून गरम करायचा मोह होतो, करू नका.

खांब तुटलाच तर घाबरू नका. तुटलेली टोकं न घासता तशीच जुळवा आणि तामियाच्या हिरव्या झाकणाच्या पातळ सिमेंटचा, म्हणजे प्लास्टिक जोडायच्या द्रवाचा, एक थेंब ब्रशने टेकवा, ते फटीत आपोआप ओढलं जातं आणि प्लास्टिकला प्लास्टिक जोडलं जातं. एक दिवस हात लावू नका. फेवीक्विकने जोडलेला खांब थोडा वाकवला की कडकन तुटतो, आणि आपल्या दमट हवेत फेवीक्विक लवकर धरतं, शिवाय आजूबाजूला पांढरा धूर बसल्यासारखा थर येतो, तो काचेवर बसला तर काच गेली.

बॉनेट आणि चेसिस

बॉनेट लहान आणि पातळ, ६५ डिग्रीला वीस सेकंद बास. काचेवर दाबून सपाट करू नका, बॉनेटला स्वतःची गोलाई असते. हातात धरून, बॉडीवर ठेवून, कोपरा कोपरा बघत सरळ करा. दोन कोपरे बसले आणि दोन वर राहिले तर त्यात पीळ आहे, बॉडीसारखाच काढायचा.

चेसिस सोपी. स्टीलच्या पट्टीला किंवा काचेच्या लांब तुकड्याला सुती दोऱ्याने तीन-चार जागी बांधा, सगळं मिळून ७० डिग्रीत बुडवा, झाकण ठेवा, गार होऊ द्या. फक्त काच आधी कोमट पाण्यात धरून मग गरम पाण्यात घाला, एकदम घातली तर तडकू शकते. स्टीलची पट्टी असेल तर ती काळजी नाही.

आतून आधार

पीळ खूप होता किंवा कन्व्हर्टिबल आहे अशा वेळी नुसतं सरळ करून भागत नाही, आतून आधार द्यावा लागतो. आर्किटेक्चरच्या मुलांना मॉडेलचं सामान मिळतं तिथे स्टायरीनची शीट आणि पट्ट्या बघा. नाही मिळाली तर किटच्या फ्रेमच्या सरळ दांड्या वापरा, त्याच प्लास्टिकच्या असतात, फुकट असतात आणि आपण उगाच फेकून देतो. प्लास्टिकच्या डब्यांच्या झाकणावर त्रिकोणात ६ आकडा असेल तर तेही पॉलिस्टायरीन.

कन्व्हर्टिबलला दाराखालच्या कडांच्या आतल्या बाजूला लांब पट्टी लावायची, चेसिस सरळ असेल तर बॉडी तिच्यावर बसवून मगच चिकटवायची. पण आधी टब घालून बघा, पट्टीच्या जाडीमुळे टब अडला तर सगळं परत उखडावं लागतं. आता महत्त्वाचं, पट्टी कशाने चिकटवायची. प्लास्टिक सिमेंट प्लास्टिक विरघळवून जोडतं, आणि पातळ पत्र्याच्या मागे जास्त सिमेंट गेलं तर पुढच्या बाजूला तीच पट्टी खड्ड्यासारखी उमटते, तीही लगेच नाही, काही आठवड्यांनी, गाडी रंगवून चकाचक झाल्यावर. म्हणून छपराच्या किंवा दाराच्या मागे मी अराल्डाइटच वापरते, सावकाश धरणारं, चोवीस तासवालं. ते प्लास्टिक विरघळवत नाही. दोन्ही पृष्ठभाग आधी ४०० च्या पॉलिश पेपरने खरखरीत करून घ्या, गुळगुळीत स्टायरीनवर ते नीट धरत नाही. सिमेंट फक्त जाड भागाला जाड भाग जोडताना.

रेझिनच्या बॉडीबद्दल एवढंच, ती याहून सोपी जाते. पॉलियुरेथेन रेझिन ६० डिग्रीलाच नरम पडतं, कधी कधी त्याच्याही खाली, म्हणून ५५ पासून सुरू करा. ती वाकतेही तितक्याच पटकन, त्यामुळे सरळ केल्यावर आतून आधार हवाच. रेझिन कापताना, घासताना मास्क लावा आणि पाणी लावून घासा, ती धूळ फुप्फुसात जायला नको.

लगेच रंगवायला घेऊ नका

सरळ झालेली बॉडी रात्रभर काचेवर ठेवा, वर काही वजन न ठेवता. दुसऱ्या दिवशी परत कार्ड आणि कागद. पाव मिलिमीटर इकडे-तिकडे असेल तर सोडून द्या, चेसिस स्क्रूने किंवा खुंट्यांनी बसली की ते आपोआप धरलं जातं. त्याहून जास्त परत गेली असेल तर सावकाश गार करायची पद्धत एकदा करा, तीच टिकते. मग जिथे वाकवलं तिथे ६०० आणि मग ८०० चा पॉलिश पेपर पाणी लावून फिरवा, आणि पातळ प्राइमर मारा, राखाडी. प्राइमरखाली लाटा, खाचा जे असेल ते दिसतं. लाट बारीक असेल तर पुट्टी पातळ थरात, एकदम जाड नाही, जाड पुट्टीतलं थिनर प्लास्टिक खातं. पावसाळ्यात हे काम असेल तर लॅकर प्राइमर संध्याकाळी पाऊस कोसळत असताना मारू नका, हवेतली ओल थरावर बसून पांढरट झाक येते, पाऊस उघडलेला कोरडा दिवस बघा.

चेसिस बसवताना स्क्रू एका कोपऱ्याचा पूर्ण आणि मग दुसऱ्याचा असं नाही, सगळे थोडे थोडे, तिरक्या क्रमाने. बाकीचे किट कपाटात, खालच्या कप्प्यात, आडवे, आणि एकावर एक तीनपेक्षा जास्त डबे नाहीत. माळ्यावर पत्रा असेल तर माळ्यावर नाहीच. प्रत्येक डब्यात बॉडीच्या वर काही दाबून बसलं असेल तर ते आजच काढून बाजूला ठेवा, आणि बॉडीत चेसिस सैल बसवून दोन्ही एकत्र ठेवा, दोघी एकमेकींना धरून राहतात.